मानवतची बाई आणि परमेश्वरची सहा मिनिटं

परमेश्वरनं मानवतला बाई ठेवलीय, ही खबर सेलूत पहिल्यांदा कुणी आणली हे मला विचारू नका. मी आणली असं चार लोक म्हणतात. मी नुसती वाहतूक केली. माल राधाकिशनचा होता.

राधाकिशनचं मानवतला जनरल स्टोअर्स आहे. बांगड्या, टिकल्या, पावडरी, केसांच्या पिना. बायको सेलूची, त्यामुळं सेलूचं कुठलंही तोंड दुकानाची पायरी चढलं की तो ओळखतो आणि चहाचा आग्रह करतो. परमेश्वर मात्र चहाला थांबत नाही, ही त्याची तक्रार.

"मामा," तो मला म्हणाला, "तुमच्या जिनिंगातला तो गोडाऊनवाला दर महिन्याला येतो. दुकानात बाया असल्या की बाहेरच उभा ऱ्हातो. बाया गेल्या की आत येतो, नेलपॉलिशची एक बाटली घेतो, बिनरंगाची, आन् खिशात घालून पळतो. पिशवी बी मागत न्हाई."

आता सेलूत काय नेलपॉलिश मिळत नाही? मोंढ्याच्या बाजारापासून स्टेशनापर्यंत सहा दुकानं आहेत. त्यानं ती सेलूत घेतली असती तर कुत्र्यानंही विचारलं नसतं. पण माणूस एसटीचं तिकीट काढून मानवतला जातो, बाया बाहेर पडेपर्यंत थांबतो आणि नेलपॉलिश घेतो, याचा अर्थ काय? बरं, बायकोसाठी म्हणावं, तर त्याच्या बबिताला सगळं गाव ओळखतं. तिच्या नखाला आयुष्यात हळदीशिवाय दुसरा रंग लागलेला नाही.

मी मोंढ्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात एवढंच सांगितलं. पुढचं ज्याचं त्यानं केलं. बिनरंगाची लावते म्हणजे बाई शिकलेली असणार, असं एक जण म्हणाला. शिकलेली म्हणजे मास्तरीण, दुसरा म्हणाला. संध्याकाळपर्यंत मास्तरणीची नर्स झाली, कारण नर्सला रंग चालत नाही. आठ दिवसांनी पूर्णेहून माझा साडू आला, त्यानं मलाच विचारलं, "तुमच्याकडचा तो परमेश्वर, त्याला मानवतच्या नर्सपासून दोन लेकरं हायेत म्हणं?" मी म्हणालो, एकच ऐकलंय. खोटं कशाला बोला.

पुरावा तर रोज डोळ्यांसमोर होता. परमेश्वरचा उजवा हात कायम पँटच्या खिशात. चहाचा कप डाव्या हातात, राम राम घालायचा तर डावा हात वर. लोक म्हणाले, तिचा फोन येईल म्हणून मोबाईल धरून बसतो.

हा परमेश्वर म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा, काडीसारखा, मितभाषी माणूस. आई-बाप ऊसतोडीला जायचे, म्हणून याची निम्मी शाळा आजीकडं नि निम्मी फडावर झाली. अठरा वर्षांपासून तो जिनिंगमध्ये गोडाऊन सांभाळतो. रुईच्या दाबलेल्या गाठी आल्या की रांगेत लावून घ्यायच्या, ट्रक आला की काढून द्यायच्या आणि किल्ली कमरेला ठेवायची. पहिल्या दहा वर्षांत त्याच्याविषयी बोलावं असं त्यानं काही केलं नव्हतं. गावाची ही एक प्रकारची हेळसांडच म्हणायची. मग एक गिटार निघाली.

निघाली म्हणजे कापसातून निघाली. आमच्या भागातल्या कापसातून काय निघत नाही! ओल निघते, माती निघते, वजनाला घातलेले दगड निघतात. आठ वर्षांमागं एके दिवशी तीन ट्रॉल्या एकाच ढिगावर रिकाम्या झाल्या आणि ढिगातून लाकडी मान वर आली. बाया ओरडल्या. आधी वाटलं मयत आहे.

प्रकार काय झाला असावा हे सगळ्यांना लगेच कळलं. भाव येईस्तोवर कापूस घरातच ठेवतात. एक खोली आढ्यापर्यंत भरते, तिच्यावरच लेकरं झोपतात. कुणाचं तरी पोरगं पुण्याहून गिटार घेऊन आलं असणार, बापाच्या भीतीनं कापसात दडवली असणार आणि बापानं भाव ऐकून खोली भरली तशी ट्रॉलीत उपसली असणार. आता ट्रॉलीवाले तिघंही समोर उभे. गिटार माझी म्हणावं, तर कापसात भेसळ कबूल केल्यासारखं. भाव पाडून मिळायचा.

"आमच्या कापसात काडी सापडायची न्हाई," पहिला म्हणाला, "सारंगी कुठून?"

दुसऱ्यानं लेकराची शपथ घेतली. मग तिघांनीही घेतली. ज्याच्या लेकराची होती त्यानंही.

शेठ म्हणाले, ठेव रे परमेश्वर गोडाऊनात, कुणी विचारत आलं तर देऊन टाक. परमेश्वरनं ती जुन्या बारदान्यात गुंडाळून ठेवली आणि कापसाचा एक अख्खा हंगाम वाट पाहिली. कुणी आलं नाही. दुसऱ्या हंगामात त्यानं बारदान सोडलं.

मोबाईलवर शिकला. आमची पोरं मोबाईलवर काय काय शिकतात ते मी लिहीत नाही, पण हा गिटार शिकला. तिकडं बार्सिलोना नावाच्या शहरात एक पांढऱ्या मिशांचे मास्तर आहेत. ते खुर्चीवर बसून वाजवतात, सांगतात, आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. भाषा कळत नव्हती. मोबाईलच खाली इंग्रजी अक्षरं उमटवायचा, ती त्याला निम्मी कळायची, उरलेलं तो मास्तरांच्या बोटांकडं पाहून समजून घ्यायचा. सहा वर्षं त्यानं हे केलं. रोज, गोडाऊन बंद करून घरी आला की, दोन तास.

एकदा मी त्याला मुद्दाम विचारलं, "हे तुझं गाणं कुठलं म्हणायचं? स्पेनचं का?"

"कातालान, काका."

"म्हंजे स्पेनच की."

"स्पेनमधीच हाय, पर ते म्हणतेत आमी येगळे. भाषा येगळी, गाणी येगळी. आपलं मराठवाड्याचं न्हाई का, तसंच."

"मग त्यांचाबी अनुशेष असंल."

तो हसला नाही. परमेश्वरशी विनोद करणं म्हणजे कापसाच्या गाठीवर दगड मारणं. आवाज होत नाही, दगडही परत येत नाही.

पण त्या दिवशी तो कधी नव्हे ते बोलला. जे गाणं तो दोन वर्षं घोटत होता, ते मुळात गिटारचं नव्हतंच. शंभरेक वर्षांपूर्वी एका कातालान माणसानं ते पियानोसाठी लिहिलं. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि वाजवायला दहा बोटं. पुढं कुणीतरी ते सहा तारांवर उतरवलं. मी म्हणालो, म्हणजे बारा बैलांचा नांगर एका बैलाला जुंपला. तर म्हणाला, "तसंच. सगळं न्हाई मावत, काका. काय सोडायचं ते ठरवावं लागतं. सोडलेलं बी ऐकू आलं पायजे, इतकं उरलेलं चांगलं वाजवायचं."

मी विचार करत घरी आलो. आम्हीही ऐकलेलं दुसऱ्यासाठी उतरवतोच, फक्त आम्ही काही सोडत नाही. घालतो.

आता मुद्द्याचं. मास्तर दरवर्षी जगातून बारा शिष्य निवडायचे आणि वर्षभर दर आठवड्याला एकेकाला मोबाईलवर समोरासमोर शिकवायचे, फुकट. अट एकच. सहा मिनिटांचं गाणं एका दमात वाजवून चित्रीकरण पाठवायचं. मधे तोडायचं नाही, मागून काही जोडायचं नाही, दुसरा कुठला आवाज नको आणि शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही. मास्तरांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी जाहीर केलं की यंदा शेवटचे बारा. पाठवायची शेवटची तारीख नेमकी आपल्या पौष अमावास्येला आली. परमेश्वरला सहा वर्षांत एकदाही कुणी प्रत्यक्ष सांगितलं नव्हतं की तुझं चुकतंय कुठं. बबिता म्हणायची, जेवताना बोटं ताटावर वाजायची आणि मान हलायची, नाही, असं नाही.

वाजवणं त्याला येत होतं. सेलूत सहा मिनिटं शांतता मिळवणं, हे येत नव्हतं.

पहिल्या वर्षी घरी बसला. पाचव्या मिनिटाला शेजारच्या चतुराबाईच्या कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या. दुसऱ्या वर्षी भावाच्या शेतात गेला. तिथं चार मिनिटं छान गेली आणि शेजारच्या धुऱ्यावरून एक ट्रॅक्टर असं गाणं लावून आला की ज्वारी हलली. नंतर एकदा तळ्यावरच्या देवळात बसला, तर एक म्हातारा आला, शांतपणे सगळं ऐकत उभा राहिला, आणि साडेपाच मिनिटांनी, दर्शन राहिलं म्हणून, घंटा वाजवून गेला. रेल्वेच्या भोंग्यानं किती वेळा मारलं याची तर गणतीच नाही. मराठवाड्याचा माणूस शांत असतो असं पुण्याचे लोक म्हणतात. त्यांनी येऊन राहावं.

शेवटी त्याला आपलंच गोडाऊन सुचलं. पौषात ते गाठींनी आढ्याला टेकलेलं असतं. गाठींच्या दोन रांगांमध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टाळी परत येत नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो. एरवी बाहेर सरकी काढणारा जिन धडधडत असतो, पण अमावास्येला मोंढ्यातले हमाल मालाला हात लावत नाहीत, जुना रिवाज आहे, म्हणून त्या दिवशी जिनही बंद. दुपारी तीनच्या सुमारास दोन गाड्यांच्या मधे पाऊण तास रूळ रिकामे असतात. सगळं जुळत होतं. त्यानं फक्त बबिताला सांगितलं. रुईची कुस तारांत जाऊ नये म्हणून तिनं आपली जांभळी साडी दिली, गिटार नीट गुंडाळली, मधोमध गाठ मारून दिली.

आणि इथंच आश्रुबानं पाहिलं.

आश्रुबा जिनिंगचा वॉचमन. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्या डोळ्यावर त्याचा फार विश्वास. तो धापा टाकत हॉटेलात आला तेव्हा आम्ही दहा-अकरा जण सुट्टीचं ऊन खात बसलो होतो. त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"आनली. मानवतची आनली. गोडाऊनात नेली."

"कोण?" सगळे एकदम.

"कोण काय? परमेश्वर! जांभळ्या साडीत होती. कंबरंला धरून नेली."

"चालत गेली का?" मी विचारलं. अशा वेळी तपशील महत्त्वाचा.

"न्हाई. उचलून. लाजत असंल."

"तोंड पाहिलं?"

"तोंड पदराखाली. कंबर पाहिली, मामा. कंबर अशी..." आणि आश्रुबानं दोन्ही हातांनी हवेत असा आकार काढला, की हॉटेलवाल्याचा चहा उतू गेला.

आम्ही निघालो. कुणी 'चला' म्हटलं नाही, तशी गरजच पडली नाही. वाटेत चतुराबाई भेटली. तिला काय झालं ते कळायला आमची चाल पुरे झाली. "थांबा," ती म्हणाली, "बबिताला आनते. तिच्या डोळ्यानं पाहू द्या. मागं म्या सांगितलं तर म्हणली, तुमी तुमचा कुकर पाहा." आणि ती पदर खोचून माघारी पळाली.

गोडाऊनचं दार आतून लोटलेलं होतं. पत्र्याला कान लावला तर आतून खुडखुड ऐकू आली. तेवढ्यात बबिता आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, भाकऱ्या टाकून आलेली. मागून चतुराबाई तिला समजावत होती की रडू नको, आम्ही आहोत. रडायचं काही तिच्या मनात दिसत नव्हतं. तिनं आम्हा सगळ्यांकडं एकदा पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, मग सूर्याकडं. तीन वाजून गेले होते.

ती खरं सांगू शकली असती. आत बाई नाही, माझीच साडी आहे, नवरा गाणं भरतोय. पण मग आम्ही काय केलं असतं? हसलो असतो, वाद घातला असता, आश्रुबानं कंबरेची शपथ घेतली असती, आणि पुढच्या गाडीची वेळ झाली असती. बबितानं हे सगळं माझ्या मते दोन श्वासांत पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली:

"आवाज करू नका. आवाज आला तर मागच्या दारानं जाईल ती."

"आत्ताच घुसू," चतुराबाई म्हणाली.

"आत्ता घुसलो तर काय दिसंल? तो वाजवायला बसला असंल. म्हणंल, एकटाच वाजवायलो होतो. वाजवणं थांबू द्या. थांबलं की मग खरं काय ते दिसंल."

चतुराबाईनंसुद्धा तिच्याकडं आदरानं पाहिलं. बाई संसारात मुरली की अशी होते.

"चपला काढा," बबिता म्हणाली. आवारात मुरूम आणि सरकी पसरलेली, पाऊल टाकलं की कुरकुर. आम्ही चपला काढल्या. "मोबाईल बंद करा." बंद केले. बारा माणसं अनवाणी, पौषातल्या गार मुरमावर, श्वास धरून उभी राहिली. सेलूचा इतिहास मला थोडाफार माहीत आहे. इतकी माणसं एका जागी इतकी गप्प कुणाच्या मयतीलाही राहिलेली नाहीत.

दाराच्या अगदी आतून पहिला सूर आला.

मला संगीतातलं कळत नाही. मी दार कधी उघडतंय याची वाट पाहत होतो. पण करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ऐकलं. आधी खालच्या तारेवर एकेक सूर, संथ, कुणी अंधाऱ्या खोलीत हातानं भिंत चाचपत जावं तसा. मग त्यावर एक बारीक चाल आली. खालचा सूर आपला चालतोच आहे, आणि वरची चाल त्याच्याशी बोलतेय, रुसतेय, पुन्हा बोलतेय. आश्रुबानं मला दोन बोटं दाखवली. म्हणजे आत दोघं आहेत. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला संकट आलं. रस्त्याच्या वळणावर केसांवर भांडी देणाऱ्याचा ॲपेरिक्षा दिसला, वर भोंगा, आणि भोंग्यातून 'डोक्याचे केस द्या, नवीन भांडं घ्या' यातलं 'डोक्याचे' एवढं बाहेर पडलं होतं. बबितानं नुसती मान वळवली. आमच्यातले दोन तगडे हमाल अनवाणी धावले. एकानं हँडल धरलं, दुसऱ्यानं भांडीवाल्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि त्याच्या कानात जे सांगितलं ते ऐकून भांडीवाला रिक्षा बंद करून, चप्पल काढून, आमच्यात येऊन उभा राहिला. एक कुत्रं भुंकायच्या बेतात होतं, त्याला आश्रुबानं खिशातला बिस्किटाचा पुडा पुरा देऊन टाकला. आश्रुबा बायकोलाही बिस्कीट देत नाही.

मग माझी पाळी. चौथ्या-पाचव्या मिनिटाला माझ्या घशात खोकला आला. तो मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून आत परतवला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच वेळी आत परमेश्वरनं एक सूर उशिरा वाजवला. उशिरा म्हणजे, आपल्याला वाटतं आता येणार, आता येणार. तो येत नाही. आपण आशा सोडतो, आणि मग येतो. चतुराबाईनं पदर डोळ्याला लावला. तिला बबिताची दया आली असावी. निदान नंतर तिनं तसं सांगितलं.

गाणं हळूहळू खाली उतरलं. शेवटचे तीन सूर. मग काहीच नाही.

चतुराबाई दाराकडं झेपावली. बबिता तिच्या आधी दाराला पाठ लावून उभी होती, पिठाचे हात पसरून. "थांबलं की!" चतुराबाईच्या ओठांची नुसती हालचाल. बबितानं मान हलवली, नाही. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. तिला येत होतं. दोन वर्षं रोज तिनं ते ऐकलं होतं. तो शेवटचा सूर किती वेळ विरतो, हे त्याच्याइतकंच तिला पाठ होतं. बारा माणसं त्या बाईच्या तोंडाकडं पाहत राहिली, आणि तिचा चेहरा असा होता की, मी खरं सांगतो, मला तेवढ्यापुरतं त्या मानवतच्या बाईचं काही वाटेनासं झालं.

आतून परमेश्वरचा आवाज आला. "हं."

बबिता बाजूला झाली. "जा आता," ती म्हणाली, "पाहा."

आम्ही लोंढ्यासारखे आत शिरलो. दोन गाठींवर गाठ चढवून तिच्यावर मोबाईल उभा केलेला, समोर स्टुलावर परमेश्वर, डाव्या मांडीवर गिटार. घामेजलेला. त्यानं आमच्याकडं पाहिलं, आमच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, उठून उभा राहिला.

"तुमी समदे ऐकायला आले?" तो म्हणाला.

आश्रुबा गाठींमागं शोधत होता. चतुराबाई वर चढली होती. "मागच्या दारानं गेली!" ती वरून ओरडली. गोडाऊनला मागचं दार नाही. बबितानं ते आमच्यासाठी तेवढ्यापुरतं बसवलं होतं. मग कुणालातरी जमिनीवर पडलेली जांभळी साडी सापडली आणि एकच गलका झाला. चतुराबाईनं साडी हातात घेतली, काठ पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बबिते! ही तर तुझी! अगं, तुझीच साडी नेसवली की तिला!"

परमेश्वरनं शपथेवर सांगितलं की तो एकटाच होता. कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं मोबाईल पुढं केला. "घ्या, पाहा, सगळं यात हाय. सुरू केलं तवापासून तुमी येईस्तोवर." मग आम्ही तेरा जणांनी, भांडीवाला धरून, ते सहा मिनिटांचं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, डोळे फाडफाडून, बाई कोपऱ्यातून कुठं दिसते का म्हणून. आश्रुबाला चौथ्या मिनिटाला एक सावली दिसली, म्हणून ते पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत पाहिलं. परमेश्वर बाजूला उभा राहून आमच्या चेहऱ्यांकडं बघत होता. इतक्या वर्षांत त्याचं गाणं बबिताशिवाय कुणी पुरं ऐकलं नव्हतं. दोनदा तर नाहीच.

त्या संध्याकाळी त्यानं ते पाठवलं.

महिन्याभरानं मास्तरांचं पत्र आलं, मोबाईलवर. बारा जणांत त्याचं नाव होतं, अकरावं. वाजवण्यात पाच चुका त्यांनी काढल्या होत्या. परमेश्वरनं त्या पाचही आनंदानं मला सांगितल्या, जणू पाच लेकरं झाली. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, की तुमच्या चित्रीकरणात सुरांच्या मागं जी शांतता आहे तशी मी फार कमी ऐकली आहे. तुमचं गाव फार निवांत असलं पाहिजे, म्हातारपणी राहायला तिकडं यावंसं वाटतं. हे तो मला वाचून दाखवत होता तेव्हा बाहेर सरकीच्या ट्रकचा हॉर्न अडकला होता आणि दोघं हमाल एकमेकांच्या आयांची आठवण काढत होते. मला ते पत्र दोनदा वाचून घ्यावं लागलं.

आता दर शुक्रवारी दुपारी तो गोडाऊनात मास्तरांसमोर बसतो. मास्तरांना मोबाईल जमत नाही म्हणून त्यांची नात तो लावून देते. भुरे केस, निळे डोळे. आश्रुबानं तिला एकदा पाहिलं, चांगल्या डोळ्यानं. तेव्हापासून गावात मानवतच्या बाईचं नाव कुणी काढत नाही. तिला परमेश्वरनं सोडलं असं आता सगळे धरून चालतात, आणि चतुराबाईला तिची थोडी दयाही येते.

मी बबिताला विचारलं, इतकं सगळं झालं, तू एकदाही खरं का नाही बोललीस? ती भाकरी उलटत होती. म्हणाली, "काका, बाई ठेवली म्हणलं की लोक चार दिस बोलतेत आन् माणसाला जरा दबूनच ऱ्हातेत. खरं सांगितलं असतं तर मोंढ्यातले हमाल त्यांला जन्मभर हसले असते." मग तिनं मला खरं काय ते सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली. लिहू नका असं म्हणाली नाही.

मानवतला बाई नव्हती. ही गिटार नखांनी वाजते, परमेश्वरची नखं मऊ होती, ती टणक राहावीत म्हणून तो उजव्या हाताच्या चार नखांना नेलपॉलिश लावायचा.